निवाडा कोणत्या घडीचा?

गाडी उलटली की वाट सांगणारे शंभर जण गोळा होतात. असे वळवायला हवे होते, तसा कासरा ओढायला हवा होता, असे जो तो म्हणतो. त्यातले काही खरेही असते. परंतु ज्याच्या हातात कासरा होता त्याला त्या क्षणी काय दिसत होते, हे विचारणारा विरळा. माणसाच्या करणीचा निवाडा कशावरून करावा? फळावरून, की करतेवेळी त्याच्यापाशी जे ज्ञान आणि जो अवधी होता त्यावरून? प्रश्न जुना आहे. पण विमान चालविणाऱ्यांच्या हकिकतींत तो फार स्वच्छ दिसतो, कारण तिथे क्षणाक्षणाची नोंद राहते. म्हणून वाचकहो, आज थोडे आकाशाकडे पाहू.

१५ जानेवारी २००९ या दिवशी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून एक विमान निघाले. आत उतारू आणि नोकरमंडळी मिळून १५५ जीव. दोन मिनिटे झाली नाहीत तोच सुमारे २८०० फुटांवर रानहंसांचा थवा आडवा आला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कप्तान चेस्ली सलनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्यापाशी उरली जेमतेम साडेतीन मिनिटे. खाली उंच इमारतींचे शहर. परत फिरावे तर धावपट्टी गाठेल की नाही याचा भरवसा नाही. न गाठली तर विमानातले जातील आणि खालचेही जातील. कप्तानाने हडसन नदीच्या पात्रात विमान उतरविले. नावा धावल्या आणि १५५ च्या १५५ माणसे वाचली. सगळे बाहेर पडले की नाही हे पाहण्यासाठी कप्तान बुडत्या विमानातून दोनदा फिरले आणि मग स्वतः बाहेर आले.

जगाने डोक्यावर घेतले. पण चौकशी व्हायची ती झालीच. जमिनीवर एक नकली विमान असते, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्यात बसून इतर वैमानिकांनी तोच प्रसंग करून पाहिला. पक्षी आदळताच तत्काळ परत वळले, तेव्हा काही खेपांना विमान धावपट्टीवर सुखरूप पोचले! म्हणजे मग नदीत उतरविणे चुकलेच की काय?

इथेच खरी मेख आहे. त्या वैमानिकांना काय होणार हे आधीच ठाऊक होते, आणि काय करायचे तेही ठाऊक होते. आकाशातल्या कप्तानाला आधी ‘हे झाले काय’ हेच उमगायचे होते. इंजिन पुन्हा लागते का ते पाहायचे होते, मग ठरवायचे होते. म्हणून चौकशीकारांनी त्या समजण्याला ३५ सेकंद दिले आणि मग विमान वळवून पाहिले. ते धावपट्टीला पोचले नाही. वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये निर्णय दिला की नदीत उतरविण्याचा विचारच जीव वाचण्याच्या दृष्टीने सर्वांत योग्य होता. अगदी शेवटी विमानाचा वेग हवा त्याहून कमी राहिला होता, हेही मंडळाने लपविले नाही. पण तेवढ्या ओझ्याखाली माणसाचे असे होते, हेही नोंदविले. न्याय म्हणतात तो हा. चूक झाकली नाही आणि चुकीवरून माणूसही मोडला नाही.

कोणी म्हणेल, सगळे वाचले म्हणून हा न्याय सोपा झाला. तर दुसरी हकिकत ऐका. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतच एका विमानाचे शेपटीचे इंजिन फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी सुकाणूला बळ देणाऱ्या तेलाच्या सर्व नळ्या तोडल्या. विमान वळवायला काही साधनच उरले नाही. कप्तान आल हेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करीत सुमारे ४४ मिनिटे ते सांभाळले आणि सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. टेकता टेकता ते मोडले. २९६ पैकी ११२ माणसे गेली, १८४ वाचली. फळच पाहायचे तर हे अपयश. परंतु तीच खटपट इतर वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये करून पाहिली, आणि कोणाला नीट साधेना. या मंडळींनी कोणाकडून अपेक्षा करावी त्याहून अधिक केले, असाच निर्वाळा चौकशीने दिला.

आता उलटा प्रकार. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून लंडनला आलेल्या विमानाची इंजिने धावपट्टी अगदी समोर असताना बळ देईनात. इंधनात धरलेल्या बर्फाने वाट अडविली होती. सुकाणू सहवैमानिकाच्या हाती होते. कप्तान पीटर बर्किल यांनी पंखांच्या मागच्या फ्लॅप नावाच्या झडपा थोड्या आत घेतल्या. त्यामुळे विमान जवळजवळ ५० मीटर पुढे जाऊन टेकले, नाहीतर वाटेतल्या यंत्रांच्या खांबांवर आदळले असते, असे पुढे तपासात निघाले. १५२ पैकी एकही दगावला नाही. आणि लोकांत काय कुजबूज? तर कप्तान ऐन वेळी थिजून गेला होता! हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नोकरी सुटली, आणि पुढे २०१० मध्ये ते परत कामावर आले. तपासाचा शब्द यायला दोन वर्षे लागली. कुजबुजीला दोन दिवसही लागत नाहीत.

मग काय, वैमानिकाला कधी दोषच द्यायचा नाही? तसे नव्हे. जो दारू पिऊन बसेल, जो निघण्यापूर्वीची तपासणी टाळील, त्याला क्षमा कशाची? त्याच्यापाशी वेळ होता, ज्ञान होते. संकटाच्या घडीला हात सैल तोलावा, पण तयारीच्या वर्षांना कडक तोलावे. सलनबर्गरांच्या त्या साडेतीन मिनिटांमागे जवळजवळ २० हजार तासांचे उड्डाण होते. आणि अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नव्हे, असे विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिले आहे. दोषाचे भय घातले की माणूस खरे सांगत नाही, आणि खरे कळले नाही तर उद्याचे विमान वाचत नाही.

एक गंमत पाहा. हडसनच्या प्रसंगावर २०१६ मध्ये सिनेमा निघाला. त्यात चौकशीकारांनाच खलपुरुष केले, म्हणून ते बिचारे दुखावले. ज्यांनी त्या ३५ सेकंदांचा विचार केला त्यांच्याच वाट्याला उतावळा निवाडा आला!

असो. आपल्यातल्या बहुतेकांच्या हाती विमान येणार नाही. पण रात्री दोन वाजता बापाच्या छातीत कळ येते आणि घरातला एकटा पोरगा ठरवतो, जवळच्या दवाखान्यात नेऊ की तालुक्याला. म्हातारा वाचला तर पोराचे नाव होते. गेला, तर तेराव्याला आलेले पाहुणे ओसरीवर बसून सिम्युलेटर चालवतात: “तालुक्याला नेला असता तर!” त्यांच्यापाशी सगळी माहिती असते आणि वेळही पुष्कळ असतो. पोरापाशी दोन्ही नव्हते. त्याहून कठीण हे, की तो पोरगा स्वतःही वर्षानुवर्षे रात्री पडल्या पडल्या हाच खेळ मांडतो आणि दर खेपेला स्वतःला दोषी ठरवतो.

तेव्हा कोणाच्या दारी असे बसायची वेळ आली, तर एवढे करावे. त्या घडीला त्याला काय दिसत होते ते आधी विचारावे. त्याच्या हिशेबात ते ३५ सेकंद घालावेत. आणि तो अपराधी माणूस आपणच असलो, तर आपल्याही हिशेबात ते घालायला विसरू नये.