परक्याचा भोग आणि आपला धर्म

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनांची रीघ असते. अशा रस्त्यावर बापाच्या दुचाकीवरून पडून डोक्यास जबर मार बसलेले एखादे आठ वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणावे. शस्त्रक्रिया होते, प्राण वाचतो, काही आठवड्यांनी मूल घरी येते. शेजारीपाजारी समाचारास जमतात आणि त्यांतील कोणी एक, मनात वाईट काही नसताही, आईच्या देखत बोलून जातो, “ज्याचे त्याचे पूर्वकर्म, आपण काय करणार?” या एका वाक्याचा विचार येथे करावयाचा आहे.

जीव आपल्या कर्माचे फळ भोगतो, हा सिद्धान्त आपणांस मान्य आहे. प्रश्न असा की, दुसऱ्याच्या दुःखप्रसंगी त्याचा उच्चार करण्याचा अधिकार कोणास? कोणत्या कर्माचे कोणते फळ, केव्हा व किती, हे जाणणे सर्वज्ञाचे काम. श्रीचक्रधर स्वामींना आपण सर्वज्ञ म्हणतो, तेव्हा त्याच उच्चारात आपण अल्पज्ञ आहोत ही कबुलीही देत असतो. लीळाचरित्रातील सशाची लीळा वाचकांस ठाऊकच आहे. पारध्यांच्या भयाने ससा आश्रयास आला, तेव्हा स्वामींनी त्याचे पूर्वकर्म काढले नाही. त्यास अभय दिले. जे सर्व जाणत होते त्यांनी ते बोलून दाखविले नाही. मग जे काहीच जाणत नाहीत त्यांनी किती बोलावे? कर्मविचार स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. परक्याच्या दुःखात हात आखडण्यासाठी नाही.

आता कोणी म्हणेल, शुश्रूषा आम्ही करतो, पण गुण येत नाही, त्यास काय करावे? याचे समाधान करण्यापूर्वी या दुखण्याचे स्वरूप समजून घ्यावे लागेल. मेंदूच्या नष्ट झालेल्या पेशी बहुधा पुन्हा उत्पन्न होत नाहीत. परंतु उरलेल्या पेशी नवे मार्ग जोडतात आणि गेलेले काम हळूहळू अंगावर घेतात. हे सरावाने घडते. घास गिळणे, मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे, हे एकदा शिकलेले सारे पुन्हा शिकावे लागते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने दिसते. पुढे ती मंदावते, पण कित्येक वर्षे चालू राहू शकते. मूल चालू लागले की लोक म्हणतात, बरे झाले. विसर, लवकर येणारा थकवा, एकाएकी उसळणारा राग ही मात्र उरतात आणि कोणाच्या नजरेस येत नाहीत. लहान मुलाचा मेंदू कोवळा, तो लवकर भरून येतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. विचार व संयम यांचा भाग दुखावला असेल, तर त्याची उणीव कधी कधी काही वर्षांनी, शाळेचा अभ्यास वाढल्यावर उघड होते. तोवर अपघात विसरला गेलेला असतो आणि मुलास आळशी किंवा उर्मट ठरविले जाते.

घरातील माणसे रोज विचारतात, आमचे पूर्वीचे मूल केव्हा परत येईल? हा प्रश्न मायेचाच आहे. पण त्यात एक अन्याय दडला आहे. समोर बसलेले मूल आज चमचा धरावयास शिकले, आणि आपण त्याच्याकडे न पाहता गेल्या वर्षी धावणाऱ्या मुलाकडे पाहत आहोत. पूर्वकर्म काढणारा शेजारी आणि पूर्वीचे मूल मागणारे आईबाप, दोघांचीही दृष्टी मागेच लागलेली. धर्म मात्र समोर उभा आहे.

गुण न येता शुश्रूषा किती करावी, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राने दिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये प्राणघातक हल्ला झाला. मेंदूस प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. बरे होण्याची आशा नव्हती. तरी १८ मे २०१५ रोजी त्यांचा अंत होईपर्यंत, सुमारे साडेएक्केचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना जपले. पहिल्या पिढीच्या सहकारिणी निवृत्त झाल्या, तरी पुढच्यांनी ते काम सोडले नाही. जेथे गुण येणार नाही हे ठाऊक होते तेथे इतके घडले. मग आपल्या बालकास तर रोज तीळभर गुण येत आहे.

उपदेशी मंडळींनी यातून काय घ्यावे? २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येते. बोईसर किंवा पालघरहून मुलास मुंबईस, हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत न्यावयाचे तर बापाचा दिवसाचा रोज बुडतो आणि आईस मूल, पिशवी व गर्दी एकटीने सांभाळावी लागते. त्या दिवशी एकाने सोबत जावे. एकाने घरच्या धाकट्यास जेवू घालावे. एकाने रोज अर्धा तास मुलाजवळ बसून त्याचा सराव घ्यावा, आणि तोच शब्द दहाव्यांदा चुकला तरी अकराव्यांदा तितक्याच शांतपणे सांगावा. कोणाचे कर्म काय होते हे परमेश्वर जाणे. त्या अर्ध्या तासात आपण काय केले, एवढेच आपल्या हाती आहे.

इत्यलम्. दंडवत प्रणाम.