परीक्षा कुत्र्याची नव्हतीच



आज महाभारताचं सतरावं पर्व वाचायला घेतलं, महाप्रास्थानिक पर्व. छोटंसं आहे, एका बैठकीत वाचून होतं. पांडव राज्य सोडून उत्तरेला निघतात, एक कुत्रा त्यांच्या मागे लागतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. यावेळी ती जरा वेगळी वाचली गेली. कारण याच आठवड्यात 'सार्जंट स्टबी: ॲन अमेरिकन हीरो' पाहिला. २०१८ सालचा ॲनिमेशनपट आहे, घरातल्या लहानमोठ्यांनी एकत्र बसून बघावा असा.

गोष्ट खरी आहे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. न्यू हेवनला येल विद्यापीठाच्या मैदानावर सैनिकांची कवायत चालायची, तिथे एक आखूड शेपटीचा भटका कुत्रा येऊ लागला. रॉबर्ट कॉनरॉय नावाच्या तरुण सैनिकाशी त्याचं जमलं. शेपूट आखूड म्हणून नाव स्टबी. फ्रान्सला निघायची वेळ आली तेव्हा कॉनरॉयने त्याला चोरून बोटीवर नेलं. पुढे अधिकाऱ्यासमोर पेशी झाली तर स्टबीने पुढचा पंजा उचलून सॅल्यूट केला आणि अधिकारी विरघळला, असं सांगतात!

चित्रपटातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टबी बोलत नाही. ॲनिमेशनमधला कुत्रा म्हटलं की त्याच्या तोंडी विनोद घालायचा मोह होतो. इथे तो भुंकतो, वास घेतो, शेपूट हलवतो, बस्स. त्यामुळे त्याच्या मनात देशभक्ती होती, असं खोटं सांगायची वेळच दिग्दर्शकावर येत नाही. पण नावात मात्र 'अमेरिकन हीरो' आलंच. मला तिथेच अडखळायला झालं.

स्टबीला अमेरिका काय माहीत? जर्मन कोण, फ्रेंच कोण, भांडण कशावरून? त्याला फक्त कॉनरॉय माहीत होता. तो जिथे जाईल तिथे जायचं, मग ते येलचं हिरवंगार मैदान असो की फ्रान्समधला खंदक. खंदकात विषारी वायूचा त्रास त्याला झाला. त्यातून बरा झाल्यावर तो वायूचा वास माणसांच्या आधी ओळखायचा आणि भुंकून झोपलेल्यांना उठवायचा. एप्रिल १९१८ मध्ये सेशप्रे गावाजवळच्या लढाईत हातबॉम्बचे तुकडे त्याच्या पुढच्या पायात घुसले. बरा होऊन पुन्हा आघाडीवर. एकूण १७ लढाया त्याच्या नावावर आहेत.

आपण म्हणतो, वा, काय निष्ठा! आणि डोळे पुसून मोकळे होतो. पण ज्याला काहीच कळत नाही आणि तरी जो विश्वासाने मागे येतो, त्याच्या त्या न कळण्याचा भार कोणी उचलायचा? कॉनरॉयने स्टबीला न्यायला हवं होतं का?

यावर सोपं उत्तर नाही. नेलं नसतं तर? रोज वाट बघणाऱ्या जिवाला बंदरावर सोडून बोट निघून गेली असती. नेलं, तर बॉम्ब आणि वायू. माझं स्वतःचं मत सांगते, नेणं बरोबर नव्हतं. युद्धात जायला 'हो' म्हणण्यासाठी युद्ध म्हणजे काय ते आधी कळावं लागतं. पण एकदा नेल्यावर कॉनरॉयने त्याला कधी वाऱ्यावर सोडलं नाही, हेही तितकंच खरं. परत येताना तो स्टबीला घेऊनच आला. पुढे जॉर्जटाउनला कायदा शिकायला गेला, तेव्हाही स्टबी सोबत. १९२६ साली स्टबी गेला तो कॉनरॉयच्या कुशीत.

आता पर्वाकडे येऊ. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर वळून बघत नाही. हा भाग वाचताना दर वेळी मनाला टोचतं. पुढे इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर अडून बसतो. तेव्हा इंद्रही आपल्यासारखाच प्रश्न विचारतो: बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग एका कुत्र्यासाठी एवढा हट्ट का? युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे. ते गेलेले होते, त्यांना परत उठवणं माझ्या हातात नव्हतं, जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आहे. अशा भक्ताला टाकणं हे तो महापापांच्या रांगेत बसवतो.

बघा, या अख्ख्या प्रसंगात कुत्रा काहीच करत नाही. त्याची निष्ठा केव्हाच सिद्ध झालेली आहे, तो हिमालय चढून आलाय. परीक्षा चाललीय ती ज्याच्या मागे तो आला त्याची. शेवटी तो कुत्रा म्हणजे धर्मच होता, असं कळतं. तेव्हा धर्म युधिष्ठिराची स्तुती करताना जो गुण सांगतो तो म्हणजे 'अनुक्रोश'. आपण त्याचा अर्थ दया असा करतो. पण शब्द फोडला तर त्यात क्रुश् आहे, आक्रोशातला. दुसऱ्याच्या आक्रोशामागे आपलं मन ओढलं जाणं!

ही परीक्षा माणसं नापासही होतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे ४,००० कुत्रे वापरले. पहारा देणारे, सापळे हुंगून काढणारे, जखमींना शोधणारे. परत आले जेमतेम २००. बाकीचे जे युद्धातून वाचले, त्यातले बरेच तिथल्या सैन्याकडे सोपवले गेले, बरेच मारून टाकले गेले. का? तर कागदोपत्री ते सैनिक नव्हते, 'साहित्य' होते. तंबू, जीप, दोरखंड यांच्या यादीतलं साहित्य. आपल्या कुत्र्याला सोडून विमानात बसावं लागलेले कितीतरी सैनिक ते दुःख म्हातारपणापर्यंत बाळगून होते. निवृत्त कुत्र्याला त्याच्या सैनिकाने घरी नेता यावं, असा कायदा व्हायला २००० साल उजाडलं. तो कायदा रॉबी नावाच्या ज्या कुत्र्याच्या नावाने ओळखला जातो, तो स्वतः मात्र आपल्या माणसाच्या घरी कधीच पोचला नाही.

इंद्राचं म्हणणं आणि त्या यादीचं म्हणणं एकच, नाही का? नियमात बसत नाही, इथेच सोडा.

भक्तीबद्दल बोलताना आपण सगळा भार भक्तावर टाकतो. श्रद्धा ठेवा, शरण जा, प्रश्न विचारू नका. पण आपल्या पंढरीच्या गोष्टीत उभा कोण आहे? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत बसलाय आणि देव विटेवर ताटकळतोय. जो आपल्यावर भरवसा टाकतो, त्याच्यासाठी थांबायचं काम तिथे देवाने स्वतःकडे घेतलंय. ऑफिसात, घरात आपल्या शब्दावर विसंबून, पूर्ण माहिती नसताना चालणारी माणसं असतात. तुमच्या मागे कोण चालतंय, हे एकदा आठवून बघा. मी दुपारपासून तेच करतेय आणि यादी वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली.

उद्यापासून स्वर्गारोहण पर्व. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि त्याला समोर दिमाखात बसलेला दिसतो तो दुर्योधन! वाचून ठेवा, उद्या बोलू.