वेळेवरचे जेवण

नीतीच्या प्रश्नांचा विचार करताना आपली दृष्टी सहसा मोठ्या प्रसंगांकडे वळते. रणांगणावरचा अर्जुन, सत्त्वपरीक्षेतला हरिश्चंद्र, सूडाच्या कर्तव्यापाशी अडखळलेला हॅम्लेट ही आपली नित्याची उदाहरणे. घरोघर रोज सायंकाळी उभा राहणारा एक पेच मात्र या यादीत कधी येत नाही. कढईत फोडणी पडलेली आहे, कणीक मळून व्हायची आहे, तीन वर्षांचे मूल पदर धरून उचलून घेण्याचा हट्ट करीत आहे, थोरले मूल पाढ्यांची वही घेऊन दाराशी उभे आहे आणि जेवणाची वेळ जवळ येत चालली आहे. या क्षणी काय करणे योग्य? प्रश्न रोजचा असल्यामुळे तो क्षुल्लक वाटतो. वस्तुतः नैतिक पेचाची सारी लक्षणे त्यात आहेत. दोन्ही मागण्या रास्त आहेत, दोन्ही एकाच वेळी पुऱ्या करता येत नाहीत, निर्णय पुढे ढकलता येत नाही आणि जिच्याकडे पाठ फिरवावी लागते त्या मागणीची रुखरुख मागे उरते.

या पेचाचा विचार करण्यापूर्वी ‘वेळेवर’ या शब्दाचा अर्थ लावला पाहिजे. त्यासाठी जयपूर शहर फार सोयीचे आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या या नगरातील जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र नावाची प्रचंड दगडी छायाघटिका आहे. तिची उंची सुमारे २७ मीटर असून दोन सेकंदांइतका सूक्ष्म काळ तिच्यावर वाचता येतो. जयसिंहाच्या पदरी राहून टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने संस्कृतात आणणारा पंडित जगन्नाथ हा महाराष्ट्रीय होता, असे मानले जाते. या यंत्रावरची सावली आणि आपले मनगटी घड्याळ यांचा मेळ बसत नाही, कारण रेखांशातील फरकामुळे जयपूरचा स्थानिक काळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असतो. एकाच शहरात दोन अचूक वेळा नांदू शकतात, हा धडा स्वयंपाकघरालाही लागू पडतो.

तटबंदीच्या जुन्या शहराबाहेर, रेल्वे स्थानकाच्या जवळ बनी पार्क ही वसाहत आहे. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने तेथे बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. जयपुरात जैन समाज मोठा असल्याने अशा बिऱ्हाडाला जैन शेजार सहज लाभतो आणि मग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ‘वेळेवर’ या शब्दाचे दोन अर्थ ऐकू येतात. रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्या घरात सायंकाळचे जेवण, तिकडच्या बोलीत ‘ब्यालू’, सूर्यास्तापूर्वी आटोपावे लागते. अंधारात न दिसणाऱ्या आणि दिव्याकडे झेपावणाऱ्या सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी, हा त्यामागचा विचार. डिसेंबरात जयपूरचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये तो सव्वासातनंतरही क्षितिजावर असतो. म्हणजे ही मर्यादा वर्षभरात पावणेदोन तासांनी मागेपुढे सरकते; शाळा सुटण्याची वेळ मात्र तिच्याबरोबर सरकत नाही. हिवाळ्यात मुले दप्तर टाकून घरात शिरतात, तेव्हाच चूल पेटलेली असावी लागते.

या घड्याळामागे निश्चित नैतिक प्रयोजन आहे, म्हणून त्याचा मान राखला पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतो. व्रत हे ज्याने घेतले त्याचे असते. व्रत एकाचे आणि स्वयंपाक दुसऱ्याचा अशी विभागणी झाली, की पुण्य एकाच्या खात्यावर आणि धांदल दुसऱ्याच्या वाट्याला अशी विचित्र स्थिती निर्माण होते. अनेक जैन घरांत लहान मुलांना या नियमातून सवलत असते. नियम समजून स्वीकारणाऱ्यावरच तो बांधील असतो, याची जाण त्या सवलतीत आहे. तीच जाण स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीतही दाखविली जाते का, हे मात्र विचारले पाहिजे.

भिंतीच्या अलीकडचे घड्याळ कचेरीचे. कामावरून परतणाऱ्या माणसाला अमुक वाजता पान वाढलेले हवे असते. या घड्याळाच्या बाजूने बोलणारे मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला देतात: १८९० पासून चालत आलेली ती व्यवस्था वेळ पाळते, मग घराला ते का जमू नये? परंतु हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. घरून डबा उचलणारा, स्थानकावर त्याची खुणेप्रमाणे वर्गवारी करणारा, लोकलमधून नेणारा आणि कचेरीत पोचविणारा अशी हातांची साखळी तेथे असते. डब्याचा वक्तशीरपणा हा त्या साखळीचा गुण आहे. घरात मात्र उचलणारे, निवडणारे, शिजविणारे, वाढणारे आणि शिवाय रडणाऱ्या मुलाला कडेवर घेणारे हात बहुधा एकाच व्यक्तीचे असतात. साखळीकडून मिळणारे फळ आपण एका माणसाकडून मागतो, आणि ते मिळाले नाही की त्याला नियोजनाचा अभाव म्हणतो.

तिसरे घड्याळ मुलाच्या पोटातले. ते सर्वांत प्राचीन आणि सर्वांत कमी तडजोड करणारे. भुकेने किरकिरणारे मूल जेवणाची वाट पाहता पाहता झोपी जाते, हा अनुभव कोणत्या घराला नाही? म्हणून वक्तशीरपणा म्हणजे केवळ पुरुषी हुकमत, असे म्हणून चालणार नाही. वेळेवरचे जेवण ही मुलाच्या देहाची खरी गरज आहे. पेच असा की, ज्याच्यासाठी ही वेळ पाळायची तेच मूल ती पाळू देत नाही. भात शिजेपर्यंत थांबण्याइतका भविष्यकाळ त्याच्याजवळ नसतो. त्याला अन्न हवे असते आणि अन्न शिजविणारे माणूसही त्याच क्षणी हवे असते.

आपल्या पाकवाङ्मयाने या पेचाची दखल घेतलेली नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) मराठी पाकपुस्तकांनी पिढ्यांना शहाणे केले, वाटी-चमच्याच्या मापांनी नवख्या हातांना धीर दिला. परंतु पाककृती हा लेखनप्रकारच असा आहे, की त्यात कोणी हाक मारीत नाही. कांदा परतायला घेतला की तो गुलाबी होईपर्यंत परतलाच जातो. त्या गृहीत निवांतपणाच्या मापाने खऱ्या सायंकाळची तपासणी केली, तर ती नेहमीच उणी ठरणार. याउलट, १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. तेथे संसार सतत कोणाच्या तरी लहरीने, आल्यागेल्याने, मुलाबाळांनी विस्कटतो आणि पुन्हा हसत सावरला जातो. घराचे सत्य पाककृतीपेक्षा आत्मचरित्रात अधिक सापडते ते यामुळे.

आपल्या धर्मशास्त्रानेही जेवणाचा विचार घड्याळापेक्षा क्रमाच्या अंगाने केला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात बालके, माहेरी राहणाऱ्या विवाहित मुली, वृद्ध, गर्भिणी, आजारी, कन्या, अतिथी आणि सेवक यांना आधी जेवू घालावे व उरलेले अन्न पतिपत्नींनी घ्यावे, असे सांगितले आहे. दुबळ्याची भूक आधी, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेवटी जेवायचे ते दोघांनी. आचारात मात्र त्या द्विवचनातील एक जण केव्हा तरी उठून पहिल्या पंगतीत जाऊन बसला आणि मागे एकटी गृहिणी राहिली. मूळ वचनापेक्षा ही रूढी आपल्या अधिक अंगवळणी पडली आहे.

तिचा पसारा आकड्यांतही दिसतो. भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के विनामोबदला घरकाम करीत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे हे काम करीत होते त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. तेव्हा सायंकाळचा पेच प्रथम न्यायाचा प्रश्न आहे. दोन कर्तव्ये एकाच माणसावर टाकायची आणि त्यांच्या टकरीला त्याचा स्वभावदोष ठरवायचे, हे अनीतीचे आहे. एकाने पोळ्या लाटाव्या आणि दुसऱ्याने मूल सांभाळावे, एवढ्याने पेचाचा मोठा भाग नाहीसा होतो.

परंतु सगळा नाही. कामाची वाटणी कितीही न्याय्य झाली, तरी ज्या हातात झारा आहे त्याच हाताला मूल बिलगणारच. येथे नियम संपतात आणि ज्याला क्षेमेंद्राने काव्याच्या संदर्भात औचित्य म्हटले, त्या विवेकाची गरज लागते. अलंकार चांगला की वाईट हे तो कोठे योजला यावर ठरते. तसेच भाजी खाली उतरवून मुलाजवळ बसणे योग्य, की ‘जरा थांब’ म्हणणे योग्य, हे त्या रडण्याची जात ओळखूनच ठरवावे लागते. पडल्याचे रडणे, भुकेचे रडणे आणि केवळ एकटेपणाचे रडणे यांतला भेद ओळखणे हे ज्ञानच आहे, जरी कोणतेही विद्यापीठ त्याची पदवी देत नसले.

एक तिसरा मार्गही आहे, तो मुलाला कामात घेण्याचा. ओतणे, पुसणे, मांडणे या क्रियांना माँटेसरी पद्धतीने शिक्षणाचे स्थान दिले. ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठीत रुजविला आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षेच्या कार्यातून खेड्यातल्या मुलांपर्यंत नेला. मटाराच्या शेंगा सोलायला बसलेले मूल निम्मे दाणे खाते, निम्मे जमिनीवर सांडते आणि जेवणाला वीस मिनिटे उशीर करते. परंतु जेवणाच्या हिशेबात वाया गेलेली ती वीस मिनिटे मुलाच्या हिशेबात जमेची असतात. आपण कोणाचे ओझे नाही, या घरातल्या अन्नात आपलाही हात आहे, हे त्याला तेथे कळते.

म्हणून कुटुंबाची नैतिक पारख जेवण वेळेवर झाले की नाही एवढ्यावर करता येणार नाही. उशीर झाला तेव्हा पानाची वाट पाहणाऱ्याने काय केले, तो घड्याळाकडे पाहत बसला की उठून मुलाला घेऊन अंगणात गेला, हे पाहावे लागेल. घरातली मुले ते पाहतच असतात. कोणाचा वेळ मोलाचा आणि कोणाचा गृहीत धरण्याचा, याविषयीची त्यांची पहिली समजूत त्या अर्ध्या तासात घडते, आणि पुढे शाळेतले नीतिपाठ ती सहसा पुसू शकत नाहीत.