पुढचा चिमटा

बँकेत बावीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला लोक काहीही विचारतात. पेन आहे का इथपासून मुलीला कॉमर्सला घालू का इथपर्यंत. मुदत ठेव एक वर्षाची करू की पाच वर्षांची, याचं उत्तर तर मी झोपेतही देतो. आमची ही म्हणते, "देताच. परवा रात्री दोन वाजता दिलंत." त्यामुळे एका रविवारी सकाळी साडेसहाला व्हँकुव्हरहून भाच्याचा फोन आला आणि "मामा, एकशेपन्नास घेऊ की एकशेसाठ?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी डोळे न उघडता विचारलं, "व्याज किती?"

प्रश्न मिलिमीटरचा होता. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा.

चिमटा म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी वाईला तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. पसरणीच्या घाटाची दोन वळणं ढकलत चढायची आणि मग खाली सुटायचं. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा तो लोखंडी चिमटा इतका प्रामाणिक होता, की रस्त्यावरचा एकेक खडा तो जसाच्या तसा मनगटात आणून पोचवायचा. मधे कमिशन नाही. सीटखाली दोन स्प्रिंगा असत. त्या धक्का कमी करण्यासाठी नसून मागच्या गावाला आपण येत असल्याचं कळवण्यासाठी असाव्यात.

भाच्याचा चिमटा या कुळातला नव्हे. त्याला तो फोर्क म्हणतो. त्याच्या एका पायात हवा, दुसऱ्या पायात तेल. खड्डा आला की पाय आत जातात, खड्डा गेला की बाहेर येतात. किती आत जातात ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. शर्यतीत डोंगर चढणाऱ्यांना १०० ते १२० पुरतात. चढायचंही स्वतःच्या पायांनी आणि उतरायचंही हौसेने, अशा 'ऑल-माउंटन' मंडळींना १४० ते १६०. 'फ्रीराइड' म्हणजे कड्यावरून आपखुशीने उडी मारणाऱ्यांना १७० ते १८०. आणि नुसतंच सुसाट उतरणाऱ्यांना २००. व्हँकुव्हरच्या उत्तरेला फ्रॉम, सीमोर आणि सायप्रस असे तीन डोंगर आहेत. तिथल्या ओल्या मुळ्यांवरून, खडकांवरून आणि माकडालाही विचार पडावा अशा लाकडी शिड्यांवरून १९९० च्या दशकात पोरं सायकली घालू लागली. आमचा चिरंजीव भाचा, संगणकाचा इंजिनिअर, दर शनिवारी तिथेच असतो.

"मग १८० च घे की," मी म्हणालो. जास्त ते चांगलं, हा ठेवीदारांचा नियम.

"तसं नाही रे मामा. सायकलच्या सांगाड्याला झेपलं पाहिजे. लांब फोर्क लावला की पुढची बाजू उचलली जाते. वीस मिलिमीटरला साधारण एक अंशाने कोन बदलतो. चढताना पुढचं चाक भरकटतं. आणि सांगाडा मोडला तर कंपनी हात वर करते. माझ्या सांगाड्याला १६० पर्यंतच परवानगी आहे."

हे मला लगेच पटलं. मंजूर मर्यादेबाहेर उचल घेतलेल्या माणसाचं काय होतं, ते मी रोज पाहतो.

तीन आठवडे हा घोळ चालला. हवा की लोखंडी स्प्रिंग? स्प्रिंगचा फोर्क मऊ चालतो पण जड, आणि आपलं वजन बदललं तर स्प्रिंगच बदलावी लागते. हवेच्या फोर्कला छोट्या पंपाने चार दट्टे मारले की काम झालं. दिवाळीचा फराळ करणाऱ्या माणसाला हवाच बरी, असं मी मत दिलं. मग 'फॉक्स ३६' की 'रॉकशॉक्स लिरिक'? पहिल्याच्या पायांची जाडी ३६ मिलिमीटर, दुसऱ्याची ३५. त्या एका मिलिमीटरवर पोराने एक अख्खा रविवार घातला. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मी चहा संपायच्या आत निर्णय दिला होता. (हे वाक्य घरात वाचून दाखवलेलं नाही.)

एवढ्यात डोंबिवलीहून ताईचा फोन आला. "तुझं ऐकतो तो. त्याला सांग, तसला काही फोर्कबिर्क घेऊ नकोस."

"अगं ताई, त्याने धक्के कमी बसतात."

"कमी बसतात म्हणूनच तो आणखी वरून उडी मारतो. तुझ्या वाईच्या सायकलवरून मारली होतीस का कधी उडी?"

आता, शिकागोच्या सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मोटारींच्या सुरक्षेवर एक गाजलेला निबंध लिहिला. सुरक्षेची साधनं वाढवली की चालवणारा जास्त धाडसाने चालवतो आणि फायदा त्यातच खर्ची पडतो, असा त्याचा मुद्दा. त्याला त्यासाठी आकडेमोडीची पानंच्या पानं लागली. ताईने ते गॅसवर दूध ठेवून एका वाक्यात सांगितलं. पेल्ट्झमनच्या म्हणण्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. ताईशी वाद घालण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

पण प्रश्न माझ्या डोक्यात बसला. आमच्या धंद्यात तो जुनाच आहे. बँक बुडाली तर २०२० पासून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. त्याआधी एक लाखच होता. हे चांगलंच झालं. पण त्यामुळे पैसे कुठे ठेवतोय हे पाहण्याची लोकांची सवय थोडी सुटते, असं म्हणणारेही आहेत. दुसऱ्याचा धक्का आपण झेलला, तर त्याच्यावर उपकार होतात की त्याला उंच कड्यावर नेऊन सोडलं जातं?

तत्त्वज्ञान म्हणून हा प्रश्न मला पडला नसता. पडला, कारण त्यात मी गुन्हेगार आहे.

मागच्या वर्षी हाच पोरगा सीमोरवर पडला आणि त्याचं कॉलर बोन मोडलं. फोन मला आला. "मामा, आईला सांगू नकोस, मी बरा आहे." मी सांगितलं, पण माझ्या पद्धतीने. "हाताला जरा खरचटलंय गं." ताई म्हणाली, "हळद लाव म्हणावं." मला स्वतःचं कौतुक वाटलं. वडील गेले तेव्हापासून ताईला लागणारे धक्के मऊ करून पोचवायचं खातं माझ्याकडेच आहे. मेव्हण्यांची बदली, घराच्या हप्त्याची नोटीस, सगळं मी चाळून, निवडून, पाखडून देत आलो.

दोन महिन्यांनी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो आला. पोरगा केक कापतोय, डावा हात गळ्यात. ताईने मला फोन केला नाही. दिवाळीत केला नाही. भाऊबीजेला गेलो तर ओवाळलं, लाडू दिले, आणि संपूर्ण वेळ माझ्या बायकोशी बोलली. निघताना दारात एवढंच म्हणाली, "मी त्याला हळद लावायला सांगत होते."

हे मी भाच्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग इंजिनिअर असल्यामुळे फोर्कवर आला. म्हणाला, "मामा, नुसती स्प्रिंग धक्का खात नाही, साठवून ठेवते. खड्डा गेला की तेवढाच परत देते, माणूस हँडलवरून पुढे. म्हणून दुसऱ्या पायात तेल असतं. बारीक भोकांतून जाताना ते धक्क्याची उष्णता करतं. परत येण्याचा वेग ठरवायला खाली एक लाल बटण असतं, त्याला रिबाउंड म्हणतात. फार सैल ठेवलं तर उसळतो, फार घट्ट ठेवलं तर एका खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा येतो आणि फोर्क खालीच बसत जातो."

"आणि चांगला फोर्क लावल्यावर धक्का अजिबात लागत नाही?"

"लागतो ना. लागलाच पाहिजे. नाहीतर चाक कशावर आहे ते कळणार कसं? नुसतं सायकलवर बसलं तरी वीस ते तीस टक्के तो दबला पाहिजे. नाही दबला तर चाकाला खड्ड्यात उतरताच येत नाही."

मला आठवलं, ताईसमोर मी कधी वीस टक्केसुद्धा दबलो नव्हतो. माझ्या तोंडून तिला येणारी प्रत्येक बातमी हसतमुख असायची. ती तरी कशावरून ओळखणार, खाली रस्ता आहे की दरी?

त्याने १६० चा, हवेचा, ३६ जाडीचा घेतला. किंमत हजार डॉलरच्या वर. पूर्वीच्या हिशेबाने मी ताईला "सायकलला एक पार्ट बसवलाय" असं सांगितलं असतं. फोन हातात घेतला आणि खरं सांगतो, वाईच्या सायकलवरून घाटात सुटताना पोटात व्हायचं तसं झालं.

"ताई, त्याने फोर्क घेतला. १६० मिलिमीटरचा. एक लाखाला थोडा कमी. उड्या मारणार आहे. हेल्मेट तोंड झाकणारं घेतलंय. पडणारही असेल कधीतरी. पडला तर तुला त्याच दिवशी सांगीन, जे झालं असेल ते."

पलीकडे बराच वेळ काही नाही. कुकरची एक शिट्टी ऐकू आली. मी रिबाउंडची वाट पाहत उभा.

"त्यात तेल असतं म्हणालास ना मागे?" ताई म्हणाली. "ते कधी बदलायचं असतं?"

"साधारण पन्नास तास चालवली की खालचे पाय उघडून साफ करायचे, तेल नवं घालायचं. मोठी दुरुस्ती त्याहून बऱ्याच तासांनी."

"तो मोजणार आहे का तास?"

"नाही मोजणार."

"मग मी मोजते. दर शनिवारी किती तास गेला ते मला कळवायला सांग. आणि तू कळवू नकोस. त्याला सांग."

ताईने वही घातली आहे. परवा तिचाच फोन आला होता. साडेएकतीस तास झालेत.