माप आणि मौन

कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल ही यहुदी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, हे आपल्याकडे बहुश्रुत आहे. परंतु ज्या धर्मशास्त्रातून ती शनिवारची विश्रांती आली, त्याच शास्त्राने तेल विकणाऱ्याच्या मापावर किती करडी नजर ठेवली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी धर्मसंहितेत असा दंडक आहे की, किरकोळ दुकानदाराने आपली मापे आठवड्यातून दोनदा पुसावी, वजने एकदा, आणि तागडी तर प्रत्येक तोलानंतर, कारण मापाच्या तळाशी जे थिजून राहते, तेवढे गिऱ्हाइकाच्या पदरात कमी पडते. आमचे वैधमापन खाते वर्षा-दोन वर्षांनी वजनांवर शिक्का मारते आणि तेवढ्यावर सरकार व सावकार दोघेही निश्चिंत होतात. मिश्नावरचा भाष्यग्रंथ तालमूद याहून पुढे जाऊन खोटे माप घरात नुसते बाळगण्यासही, मग ते कधी वापरले जावो वा न जावो, मनाई करतो. (कोकणातल्या तेल्यांपर्यंत हे ग्रंथ फार उशिरा पोचले; शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना अशा मोजक्या आचारांवर त्यांनी आपला धर्म शतकानुशतके जपला होता, हेही नमूद केले पाहिजे.)

तथापि माप पुसता येते. गिऱ्हाइकाच्या मनातली समजूत पुसणे कठीण. सोलापूरच्या सात रस्त्यावर उतरलेला परगावचा पाहुणा चादर घेतल्यावाचून सहसा परतत नाही, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या देशातील पहिल्या काही वस्तूंत या चादरीची गणना असल्यामुळे तिच्या नावालाच एक किंमत आली आहे. आता समजा, एखाद्या दुकानाच्या पाटीवर ‘सोलापुरी चादर’ अशी ठळक अक्षरे आहेत आणि खाली घडी घालून ठेवलेला माल पानिपतचा आहे. विक्रेता एक अक्षरही खोटे बोललेला नाही, माप पुरे आहे, पावतीही रीतसर आहे. यहुदी शास्त्रकारांच्या मते ही तरीही फसवणूकच. आणि शमुएल या आचार्याने तर ती परधर्मीयाशी करणेही निषिद्ध ठरविले आहे.

येथे चतुर व्यापारी तालमूदमधलीच एक कथा पुढे करील. राबा आणि राव साफ्रा हे दोघे पंडित वाटेने जात असता समोरून मार झुत्रा आला आणि हे आपल्याच स्वागताला आले, असे समजून सुखावला. साफ्राने तत्काळ खरे सांगून टाकले; राबाने त्याला दोष दिला की, त्याने स्वतःच स्वतःला फसविले होते, मग त्याचे मन का मोडलेस? ही पळवाट खरी आहे, पण अरुंद आहे. राबाने रस्त्यावर पाटी लावली नव्हती. जो गैरसमज उपजावा म्हणूनच मांडामांड केली, तो उपजल्यावर त्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही, आणि अशा ठिकाणी साफ्राप्रमाणे आपणहून खरे बोलणे हेच विक्रेत्याचे कर्तव्य ठरते.

शास्त्र इतके सूक्ष्म असले म्हणून त्याचे अनुयायी सारे निर्मळ होते, असे मात्र नव्हे. १८३२ साली मुंबईस आलेले बगदादचे यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्यांच्याच पेढीने चीनला अफूही पाठविली. दानाच्या खात्यावरून व्यापाराच्या खात्याची वजावाट करण्याची मुभा त्यांच्या धर्माने दिलेली मला तरी आढळली नाही.

चादरीपुरते पाहिले तर उपाय अवघड नाही. ही पानिपतची आहे, म्हणून स्वस्त आहे, एवढे विक्रेत्याने घडी उलगडतानाच सांगावे. स्वस्त म्हणून ती आनंदाने घेणारे गिऱ्हाईक सोलापुरातही पुष्कळ मिळेल.