अंड्यावर बसलेला पक्षी

छायाचित्र काढण्यात हिंसा नाही, अशी आपली सर्वांची समजूत आहे. बंदूकवाला पाखरू मारतो, पिंजरेवाला कोंडतो. कॅमेरेवाला बिचारा नुसता पाहतो! शिकारीचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालणारी माणसे पक्ष्यांच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाला मुलाबाळांसह जातात. मीही त्यांतलाच. वर्गातली पोरे माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्या नावात एक पाखरू आहे. पण गेले दोन महिने ही समजूत मला टोचू लागली आहे, आणि त्याला निमित्त झाली एक न झालेली सहल.

माझा भाचा टोरांटोला असतो. "मामा, मामींना घेऊन या, मार्चमध्ये आपण टोबॅगोला जाऊ," असा त्याचा आग्रह. त्याने तिथल्या एका रिसॉर्टची चित्रे पाठवली. निळा समुद्र, निळा तलाव, नारळ, आणि नारळाखाली काहीही न करता पडलेली माणसे. नारळ बघायला सात समुद्र कशाला ओलांडायचे, हा आमच्या घरातला प्रश्न बिनतोड होता. मी मात्र पक्ष्यांची यादी वाचली नि गप्प बसलो.

टोबॅगो हे त्रिनिदादच्या ईशान्येचे लहानसे बेट. त्याच्या पाठकण्यावर मेन रिज नावाचे जंगल आहे, आणि ते १७७६ साली कायदा करून राखले गेले. इतक्या जुन्या काळी पाखरांची एवढी काळजी कोणाला, असे वाटून मी पुढे वाचू लागलो. पाखरांचा तिथे संबंधच नव्हता! झाडे पानांवाटे पाणी हवेत सोडतात, हे स्टीफन हेल्स याने १७२७ साली मोजून दाखवले होते. झाडे राहिली तर पाऊस राहील, पाऊस राहिला तर ऊस पिकेल, असा तो हिशेब. त्या उसात राबत होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. ज्यांना माणसाची दया आली नाही त्यांनी जंगल वाचवले, आणि आज जगभरचे पक्षीवेडे त्याच जंगलात माना वर करून हिंडतात.

याच्या उलट दुसरी गोष्ट. टोबॅगोच्या ईशान्य टोकाला स्पेसाइड गावासमोर लिटल टोबॅगो नावाचे चिमुकले बेट आहे. ते सर विल्यम इनग्रॅम या धनिकाने घेतले. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांत खोवण्यासाठी न्यू गिनीकडच्या स्वर्गपक्ष्यांची, म्हणजे बर्ड ऑफ पॅरडाइजची, तेव्हा कत्तल चालली होती. ती जात जगावी म्हणून त्याने १९०९ साली आरू बेटांतून चाळीसहून अधिक पक्षी जहाजाने आणून या बेटावर सोडले. हेतू किती निर्मळ! पक्षी तिथे राहिले, नाचलेही. पण त्यांची वस्ती काही फोफावली नाही. १९६३ साली फ्लोरा चक्रीवादळ आले, त्यातून थोडे उरले, आणि पुढल्या वीसएक वर्षांत तेही दिसेनासे झाले. त्याच वादळाने मेन रिजचे जंगलही मोडले होते. तिथला पांढऱ्या शेपटीचा सेबरविंग हा हमिंगबर्ड संपला असेच लोक धरून चालले होते. १९७४ साली तो पुन्हा सापडला. तो घरचा होता, त्याला कोणी आणलेला नव्हता.

शाळेत आम्ही मुलांना सांगतो, हेतू शुद्ध असावा. सांगू नये असे मी म्हणत नाही. पण पाखराला आपल्या हेतूचे काय? त्याला दिसते ते आपले पाऊल कुठे पडले एवढेच.

लिटल टोबॅगोवर आज जायचे ते लाल चोचीच्या ट्रॉपिकबर्डसाठी. शुभ्र पक्षी, शेपटीला दोन लांब पिसे. समुद्रावरून मासा घेऊन तो परतू लागला की फ्रिगेट पक्षी वाटेत गाठून त्याचा घास पळवतात, आणि त्या लुटीची छायाचित्रे फार वाखाणली जातात. हा ट्रॉपिकबर्ड झुडपाखाली जमिनीवरच अंडे घालतो. माणूस जवळ गेला तरी उठत नाही. प्रवासवर्णने लिहिणारे याला निर्भय म्हणतात, कोणी विश्वासू म्हणतात. मला यात विश्वास दिसत नाही. प्रसूतिगृहातली बाई पाहुणे आले म्हणून उठून जात नाही, तेव्हा तिला पाहुण्यांची हौस असते काय? शिवाय पाऊस नसलेला मार्च महिना आम्हां प्रवाशांच्या सोयीचा, आणि नेमका त्याच दिवसांत पक्षी अंड्यापिल्लांत गुंतलेला. आपल्याला सर्वांत सुरेख चित्र मिळते ते पक्ष्याला उडून जाता येत नाही तेव्हा! बरे, उडू शकणाऱ्यालाही आपण सोडत नाही. त्याच्याच जातीचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला झुडपाबाहेर काढतो. कोणी परका आपल्या हद्दीत शिरला या समजुतीने तो धावत येतो, छाती फुगवतो, आणि आपण म्हणतो, वा, काय ऐट आहे!

मग जाऊच नये का? माझे एक सोवळे स्नेही असेच म्हणतात. ते मला पटत नाही. स्पेसाइडच्या नावाड्याचे पोट त्या बेटावर चालते. ज्या बेटाकडे कोणी फिरकत नाही, त्याच्यासाठी भांडायलाही कोणी उभे राहत नाही. पावसासाठी राखलेले जंगल पाखरांना पुरते, तसे पाहुण्यांच्या पैशासाठी राखलेले बेटही पुरेल. मात्र पाहुण्यांना थांबायचे कुठे हे कळले पाहिजे. हे शिकवायचे कसे, ते मात्र वीस वर्षे वर्गात उभा राहूनही मला सापडलेले नाही. फळ्याजवळ येऊ नका म्हटले की पोरे फळ्याजवळच येतात.

म्हणून मी बेत असा आखला आहे. लांबचे टिपणारी लेन्स भाड्याने घ्यायची. पक्ष्यांचे आवाज मोबाइलमध्ये भरायचेच नाहीत, म्हणजे मोहाचा प्रश्न मिटला. वाटाड्या थांब म्हणेल तिथे थांबायचे, आणि पक्ष्याने मान वळवून चोच उघडली, तर वाटाड्याने सांगण्याआधीच मागे फिरायचे. अंड्यावर बसलेल्याचे चित्र घ्यायचे नाही, उडत्याचे मिळाले तर घ्यायचे. ते बहुधा अस्पष्ट येईल; उडत्या पाखरावर माझा हात कधीच स्थिर राहिलेला नाही.