भयाची मुदत

कादंबरी वाचून झाल्यावर वाचक तिच्याविषयीं जें मत देतो, तें पुष्कळदां कादंबरीपेक्षां त्या वाचकाविषयींच अधिक सांगून जातें. महाविद्यालयांत वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास हा अनुभव दर वर्षीं येतो, व त्याचें त्यास पुढें नवल वाटेनासें होतें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत कोडोलीस, आमच्या घरच्या सोप्यांत जमलेल्या चार मंडळींच्या बोलण्यांतून तो असा कांहीं आला कीं, दुसऱ्यांचीं मतें तपासतां तपासतां आम्हांस आपल्याच आचरणाची तपासणी करणें भाग पडलें. तो प्रसंग वाचकांपुढें मांडावा असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

चर्चेचें पुस्तक होतें मायकेल क्रायटन या अमेरिकन लेखकाची १९६९ सालीं प्रसिद्ध झालेली 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' ही कादंबरी. पृथ्वीच्या वातावरणापलीकडील सूक्ष्मजंतु गोळा करण्यासाठीं धाडलेला एक उपग्रह ॲरिझोनांतील एका लहानशा गांवीं उतरतो, आणि बघतां बघतां तें गांव मरून पडतें. वांचतात दोघेच : एक दारुडा म्हातारा आणि एक रडणारें तान्हें मूल. पुढें भूमीखालीं पांच मजले खोल बांधलेल्या प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञ त्या जंतूचा माग काढूं लागतात. ते कांहीं उपाय शोधून काढण्यापूर्वींच जंतु आपण होऊन पालटतो व मनुष्यास निरुपद्रवी बनतो. एवढें कथानक ध्यानांत असलें म्हणजे पुढील मतें समजण्यास अडचण पडणार नाहीं.

आमच्या एका डॉक्टर मित्रांस पुस्तक फार आवडलें. म्हातारा व मूल हींच कां वांचलीं, याचा उलगडा रक्तांतील आम्ल-अल्कांच्या प्रमाणावरून ज्या पद्धतीनें केला आहे, ती पद्धत त्यांस रोगनिदानाचा उत्तम पाठ वाटली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक मात्र रागावलेले दिसले. "पांच मजले खणले, एवढे विद्वान जमवले, आणि अखेर रोग आपोआप गेला! मग एवढा खटाटोप केला कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. कोल्हापुरास सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी आमची पुतणी हळूच म्हणाली, "गुरुजी, जंतूचा यात दोष काय? तो आला नव्हता, त्याला आणला होता. आणि शस्त्र म्हणून वापरता येईल का, ते पाहायला आणला होता."

ही कादंबरी वाचून गुरुजींप्रमाणें हिरमुसलेले वाचक जगांत पुष्कळ असावेत. प्रयत्न केला म्हणजे फळ मिळालें पाहिजे, आणि संकट आलें म्हणजे तें कोणींतरी निवारलें पाहिजे, अशी वाचकाच्या मनाची घडण असते. पण ज्यास शेवट समजून आपण रुष्ट होतों, तो या पुस्तकाचा शेवट नव्हेच. जंतु माणसास निरुपद्रवी होतो, तो आतां रबरासारख्या पदार्थाचा नाश करूं लागतो. त्यामुळें प्रयोगशाळेचीं बंधनें तुटतात, धोक्याची घंटा वाजते, आणि रोग बाहेर पडूं नये म्हणून मुद्दाम बसविलेला अणुस्फोटक आपले क्षण मोजूं लागतो. थोडेच सेकंद उरले असतां एक जण तो थांबवितो. म्हणजे धोका सरला होता. परंतु धोक्यासाठीं उभारलेल्या यंत्रास तें कळलें नव्हतें. आमच्या मतें या कादंबरीचा सारा अर्थ एवढ्या एका गोष्टींत आहे.

येथें जो नीतीचा प्रश्न उपस्थित होतो, तो असा : सावधगिरी कोठें संपते आणि भय कोठें सुरू होतें? दोहोंत अंशाचाच काय तो भेद आहे, थोडें भय म्हणजे सावधगिरी व पुष्कळ सावधगिरी म्हणजे भय, असें सामान्यतः समजतात. आम्हांस हें पटत नाहीं. सावधगिरी कितीहि कडक असली तरी तिला माप असतें आणि मुदत असते. "आतां पुरे" हे शब्द ऐकण्याची तिची तयारी असते. भयास माप नाहीं, मुदत नाहीं, आणि मुख्य म्हणजे कान नाहींत.

ज्या वर्षीं ही कादंबरी निघाली, त्याच वर्षींचें उदाहरण घ्या. १९६९ च्या जुलै महिन्यांत चंद्राच्या प्रवासाहून परतलेल्या तिघां अमेरिकन वीरांस, चंद्रावरील एखादा अज्ञात जंतु त्यांच्यासवें आला असल्यास पसरूं नये म्हणून, २१ दिवसांची मुदत ठरवून निराळें ठेवण्यांत आलें. जगानें ज्यांचा जयजयकार केला, त्यांसहि नियम चुकला नाहीं. मुदत संपली, कांहीं विकार आढळला नाहीं, आणि ते माणसांत मिसळले. पुढें आणखी सफरी झाल्या; चंद्रावर जीवाचा मागमूस नाहीं असें दिसून आल्यावर १९७१ च्या अपोलो १४ नंतर हा नियमच काढून टाकण्यांत आला. सावधगिरी ती हीच.

आकाशांतील जंतूचा हा विषय केवळ अमेरिकेचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मलेले व २०२५ च्या मे महिन्यांत दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर हे या शोधांतील एक प्रमुख होते. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा पाठवितांना त्यांनीं 'नारायण विनायक जगताप' असें टोपणनांव घेतलें, हें अनेकांस ठाऊक असेल. आपल्या नांवाचें वजन मतावर पडूं नये, हा त्यांतील हेतु. त्याच वृत्तीचें दुसरें दर्शन त्यांच्या पुढील कार्यांत घडतें. जीवाचीं बीजें अंतराळांतून पृथ्वीवर आलीं, असा पक्ष त्यांचे केंब्रिजचे गुरु फ्रेड हॉईल यांनीं हिरिरीनें मांडला होता. त्याची परीक्षा पाहण्यासाठीं एप्रिल २००५ मध्यें हैदराबादेहून एक प्रचंड फुगा सोडण्यांत आला. त्यासोबत पोलादाच्या १६ निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा त्यांत भरून खालीं आणली, आणि ती हैदराबाद व पुणें येथील दोन प्रयोगशाळांनीं स्वतंत्रपणें तपासली. जीवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या. त्यांपैकीं ९ पृथ्वीवरील परिचित जातींशीं जुळल्या व ३ जाती नव्या निघाल्या. या नव्या जातींस हॉईल, इस्रो व आर्यभट यांचीं नांवें देण्यांत आलीं.

गुरूचा पक्ष सिद्ध झाला अशी द्वाही फिरविण्यास याहून चांगली संधि कोणती होती? परंतु २००९ सालीं निष्कर्ष जाहीर झाले, ते एवढेच कीं, हे जंतु पृथ्वीबाहेरचे आहेत असें या प्रयोगानें निश्चित ठरत नाहीं. मात्र पुढील शोधास त्यानें उत्तेजन मिळतें. पुढें आर्यभटांच्या नांवाचा तो जीवाणु वनस्पतींच्या मुळांजवळील मातींतहि आढळला. आशेलाहि भयाप्रमाणेंच माप लागतें, हें या शास्त्रज्ञांनीं ओळखलें होतें. त्यांनीं जें मोजलें तेवढेंच सांगितलें.

आमच्या अशिक्षित पूर्वजांपाशींहि हें शहाणपण होतें. छत्रपती शाहूंच्या कारकिर्दींत कोल्हापूर संस्थानांत प्लेग आला, तेव्हांच्या गोष्टी आमची आजी आपल्या सासूच्या तोंडून ऐकलेल्या म्हणून सांगे. उंदीर पडूं लागले कीं घर सोडावयाचें, माळावर झोपडी घालावयाची. आणि सांथ ओसरली कीं घर सारवून, भिंतींस चुना देऊन, चूल पुन्हां पेटवावयाची. परत येण्याचा दिवसहि जाण्याच्या दिवसाइतकाच पक्का असे.

हें सारें आम्ही त्या दिवशीं मोठ्या उत्साहानें मंडळींस समजावून देत होतों. तेवढ्यांत पुतणी म्हणाली, "काका, दादाचेही चौदा दिवस संपले होते."

सोप्यांत कोणी कांहीं बोललें नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत तिचा थोरला भाऊ मुंबईहून गांवीं आला. चौदा दिवस तो शाळेच्या खोलींत राहिला; त्यास साधें पडसेंहि झालें नाहीं. पंधराव्या दिवशीं सकाळीं तो आमच्या दारांत उभा राहिला. आम्हीं त्यास आंत ये म्हटलें नाहीं. अंगणांतच खुर्ची मांडविली आणि चहा कागदी पेल्यांतून पाठविला. त्यानें चहा घेतला, पेला चुरगाळून आपल्या पिशवींत घातला, आणि "काका, हा मीच नेतो," एवढें म्हणून तो गेला.

कोणी म्हणेल, त्या वेळीं रोगाचें स्वरूप कोणास पुरतें ठाऊक होतें? अज्ञानांत भय अधिक झालें तर तो दोष कसा? आक्षेप वजनदार आहे, आणि कित्येक दिवस आम्हीं तो स्वतःच्या बचावासाठीं वापरला आहे. पण तो टिकत नाहीं. चौदा दिवसांचें माप आम्हांस ठाऊक होतें, मान्य होतें. तें इतरांनीं पाळावें म्हणून आम्ही आग्रहहि धरीत होतों. त्यानें तें पाळलें, आम्हीं पाळलें नाहीं. जंतूस बुद्धि नसते, म्हणून त्यास दुष्ट म्हणतां येत नाहीं. आम्हांस बुद्धि होती, माप होतें, आणि तरीहि आमच्यांतील यंत्र क्षण मोजीतच राहिलें.

एखादी सांथ पुन्हां येईल तेव्हां दार लावावें लागेल, आणि तें लावलेंच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दार लावतांना तें कोणत्या दिवशीं उघडावयाचें, हेंहि त्याच वेळीं ठरवून ठेवावें, आणि तो दिवस उजाडला म्हणजे आपण होऊन उठून तें उघडावें. आमच्याकडून तो दिवस केव्हांच टळून गेला. पुतण्या अजूनहि सणावारीं येतो, वाकून नमस्कार करतो. त्या सकाळचा विषय त्यानें कधीं काढला नाहीं, आणि आम्हींहि नाहीं. या गणपतींत तो यावयाचा आहे. तो विषय या खेपेस आम्हींच काढावयाचा आहे.